एका पानावरून झाड निरोगी ठरत नाही

केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ ऑगस्ट २०२४ रोजी ‘स्वच्छ रोपे कार्यक्रमा’ला मंजुरी दिली. सुमारे १,७६५ कोटी रुपये, देशभरात नऊ केंद्रे आणि उद्दिष्ट फळबागांना विषाणुमुक्त रोपे पुरवण्याचे. लिंबूवर्गीय फळांसाठी नागपूरची निवड झाली, हे योग्यच. चर्चा मात्र इमारती आणि यंत्रांचीच अधिक होते. नमुना झाडाच्या कोणत्या भागातून आणि कोणत्या महिन्यात घ्यायचा, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. माझ्या मते कार्यक्रमाचे यशापयश तिथेच ठरेल.

ट्रिस्टेझा विषाणूचे उदाहरण घ्या. १९३०च्या दशकापासून अर्जेंटिना आणि ब्राझीलमधील लाखो झाडे त्याने मारली; त्याच्या नावाचा अर्थच विषण्णता. हा विषाणू झाडाच्या रसवाहिन्यांतच वाढतो. पेशीतून शेजारच्या पेशीत तो अतिशय संथपणे सरकतो. पण एकदा प्रवाहात शिरला की शर्करेबरोबर वाहू लागतो, आणि हा प्रवाह तासाला अर्धा ते एक मीटर इतका वेगवान असू शकतो. शर्करेच्या संहतीतील फरकामुळे दाब निर्माण होतो आणि रस वाहतो, ही कल्पना एर्न्स्ट म्युंख यांनी १९३० मध्ये मांडली. (भौतिकशास्त्रातून आलेल्या माझ्यासारख्याला वनस्पतिशास्त्राची गोडी लागते ती अशा ठिकाणी.)

प्रवाहाची दिशा मात्र कायम नसते. पक्व पाने शर्करा पाठवतात. नवती, फळे आणि मुळे ती ओढून घेतात. विदर्भातील शेतकरी आंबिया किंवा मृग बहारासाठी बाग ताणावर सोडतो आणि मग पाणी देतो, तेव्हा ही मागणीच पालटते, आणि तिच्यामागोमाग विषाणूची वाटही. कडक उन्हाळ्यात त्याच्या अनेक प्रकारांची वाढ मंदावते. त्यामुळे एकाच झाडाची एक फांदी विषाणूने भरलेली, तर दुसरी जवळपास रिकामी असू शकते. मे महिन्यात तोडलेल्या एका पानाची आरटी-पीसीआर चाचणी नकारात्मक आली, तर ती त्या पानापुरती आणि त्या दिवसापुरती खरी. नमुना चुकीचा घेतला की उत्तम चाचणीही फसते, हे करोनाकाळात आपण सर्वांनी पाहिले आहे.

संत्र्याच्या बाबतीत धोका अधिक आहे. कागदी लिंबाच्या पानांच्या शिरा फिक्या पडून रोग उघड होतो. संत्र्याचे झाड पुष्कळदा तो मुकाट्याने वागवते. अशा देखण्या मातृवृक्षाचे डोळे जंबेरीच्या खुंटांवर बांधले जातात आणि कलमांबरोबर विषाणूही शेकडो बागांत पोहोचतो. पुढचे काम कोवळ्या नवतीवर बसणारा मावा करतो.

म्हणून मातृवृक्षाच्या प्रमाणपत्रावर केवळ ‘विषाणुमुक्त’ एवढा शिक्का पुरेसा मानू नये. किती फांद्यांचे, कोणत्या दिशांचे, कोणत्या महिन्यांतील नमुने तपासले, हे त्यावर छापावे. तपासणी किमान दोन ऋतूंत व्हावी, आणि मातृवृक्ष कीटकरोधक जाळीत असला तरी ती ठरावीक काळाने पुन्हा करावी. याने खर्च आणि वेळ वाढेल, हे मान्य. पण आज हा खर्च शेतकरीच उचलतो आहे. लावलेले कलम फळावर येण्यास चार-पाच वर्षे लागतात, आणि झाड खंगू लागते तेव्हा तो डोळा कोणत्या झाडावरून आला होता, हे सांगणारा कागद त्याच्यापाशी नसतो.