पहिले विमान शिकाऊंचे

मुलाला सायकल शिकवताना वडील मागून कॅरिअर धरून पळतात आणि तोल सावरला की हळूच हात सोडतात. पण आकाशात मागून हात कोण धरणार? त्यासाठी प्रशिक्षण विमान असते. त्यात दोन जागा असतात आणि दोन्ही जागांवरून विमान चालवता येते. शिकणाऱ्याचे चुकले की गुरुजी आपल्या जागेवरून सावरून घेतात.

लढाऊ विमानांची नावे पोराटोरांनाही पाठ असतात. वैमानिक घडवणाऱ्या विमानाची आठवण मात्र कोणी ठेवत नाही. आपल्या देशातल्या विमान कारखान्यातून बाहेर पडलेले पहिले विमान अशाच शिकाऊंचे होते, हे किती जणांना ठाऊक असेल?

दुसऱ्या महायुद्धाच्या गरजेपोटी हिंदुस्थानात अनेक कारखाने उभे राहिले. जबलपूरला तोफगाड्यांचा कारखाना १९०४ पासून होताच, १९४२ मध्ये खमरियाला दारूगोळ्याचाही आला. जबलपूरकर गोहलपूरचा असो की रांझीचा, हे कारखाने त्याच्या परिचयाचे. पण ते सरकारी होते. विमानांचा खासगी कारखाना काढायचे धाडस केले ते सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी.

१९३९ मध्ये अमेरिकेला जाताना त्यांची विल्यम पॉली या अमेरिकी गृहस्थाशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमानांच्या कारखान्याशी संबंधित होते. चीनमध्ये जमते तर आपल्याकडे का जमू नये, असे वालचंदांनी घेतले. म्हैसूर संस्थानाने साथ दिली आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली.

ऑगस्ट १९४१ मध्ये तिथून पहिले विमान उडाले. ते होते हार्लो पीसी-५, दोन आसनी प्रशिक्षण विमान. याचा इतिहास मोठा गमतीचा. मॅक्स हार्लो हे अमेरिकेतल्या पासाडेना इथल्या कॉलेजात शिकवत. त्यांनी विद्यार्थ्यांच्या हातून एक विमान तयार करून घेतले होते. पीसी-५ त्याच घराण्यातले. विद्यार्थ्यांच्या वर्गात सुरू झालेली ही परंपरा शिकाऊ वैमानिकांच्या आणि शिकाऊ कारागिरांच्याही कामी आली, कारण सुटे भाग अमेरिकेचे असले तरी जोडणारे हात इथले होते.

हार्लोची कारकीर्द फार गाजली नाही. युद्धकाळात आपल्याकडच्या वैमानिकांनी धडे गिरवले ते मुख्यतः टायगर मॉथ आणि हार्वर्ड या विमानांवर. वालचंदांनाही कारखाना फार काळ लाभला नाही. जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या आणि १९४२ मध्ये सरकारने कारभार आपल्या हाती घेतला.

पण कारागिरांचा हात बसला होता. याच कारखान्यात कोल्हापूर जिल्ह्यातले डॉ. विष्णू माधव घाटगे काम करत होते. जर्मनीत गटिंगेनला प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकून आलेल्या या संशोधकाने एचटी-२ हे प्रशिक्षण विमान आखले. ऑगस्ट १९५१ मध्ये ते प्रथम उडाले. यावेळी आराखडाही आपलाच होता. पुढे कित्येक वर्षे हवाई दलाच्या नवशिक्यांनी याच विमानावर पहिले उड्डाण केले. घाना देशानेही ही विमाने घेतली.

शिकवणारे विमान दुय्यम मानले की काय होते, हेही आपण पाहिले. त्यानंतरचे दीपक विमान अपघातांमुळे २००९ मध्ये जमिनीवर ठेवावे लागले आणि स्वित्झर्लंडहून पिलेटस विमाने आणावी लागली. आपले एचटीटी-४० हे विमान २०१६ मध्ये उडाले आणि २०२३ मध्ये हवाई दलाने अशा ७० विमानांची मागणी नोंदवली. त्याची एक उत्पादन शाखा ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकला सुरू झाली.

सोलापूरकराने घातलेला पाया असा पुन्हा महाराष्ट्रात आला. आता आपल्या मुलांना विमानांची चित्रे दाखवाल, तेव्हा एक चित्र या गुरुजींचेही दाखवा.