नाचणाऱ्या मुलीला पाणी कोण देणार?

डिसेंबर-जानेवारी आला की अड्याळ आणि आसपासच्या गावांतून शाळांच्या स्नेहसंमेलनांची धामधूम सुरू होते. पूर्वी या कार्यक्रमांत कोळीगीत, शेतकरी नृत्य, फार तर एखादी लावणी असे. हल्ली कार्यक्रमाचा आरंभच गणेशवंदनेने आणि तोही भरतनाट्यमच्या वेशात होतो. ही गोष्ट आनंदाचीच आहे. हे नृत्य आपल्याला अगदी परकेही नाही. त्याच्या आजच्या सादरीकरणाचा क्रम ज्या चार तंजावरी बंधूंनी बांधला, त्यांना आश्रय होता तो तंजावरच्या मराठा दरबाराचा, म्हणजे दुसरे सरफोजीराजे (१७९८ ते १८३२) यांच्या घराण्याचा.

पण आजचा माझा विषय नृत्य नसून पडद्यामागची तयारी हा आहे. ती आरोग्याच्या सदरात का आली, हे पुढील प्रसंगावरून वाचकांच्या ध्यानात येईल.

गेल्या हिवाळ्यात रात्री साडेदहाच्या सुमारास आठवीतल्या एका मुलीला माझ्या दवाखान्यात आणले. अंगावर भरतनाट्यमचा पोशाख, डोळ्यांतले काजळ रडून गालावर उतरलेले. दोन्ही पाय आणि कंबर असह्य दुखत होती. नाचताना पाय मुरगळला असेल, असे वडिलांचे म्हणणे. पाय तपासायचे तर पोशाख उतरवणे भाग होते. तिची आई आणि आमच्या परिचारिका या दोघींना त्यासाठी दहा मिनिटे लागली. सतरा सेफ्टी पिना निघाल्या. पाय कुठेच सुजलेला नव्हता. ओठ मात्र कोरडे पडले होते.

“बेटा, पाणी कधी प्यायलीस?” मी विचारले.

“सकाळी जी, शाळेत जातानी.”

“मग दिवसभर का नाही?”

ती गप्प राहिली. आईनेच उत्तर दिले. दुपारी तीनलाच मुलींना पोशाख चढवले होते. नाच झाला रात्री नऊला. मध्ये कोणाला लघवीला जावे लागले तर एवढा पोशाख सोडायचा कोणी आणि पुन्हा बांधायचा कोणी, म्हणून मुलींना पाणी पिऊ नका असे बजावले होते. शाळेचे प्रसाधनगृह मैदानाच्या पलीकडे अंधारात, आणि संध्याकाळी त्याला कुलूप.

मुलीला सलाईन लावून भंडाऱ्याला पाठवले. तपासणीत तिला सिकलसेलचा आजार असल्याचे निघाले. तेरा वर्षांत घरच्यांना त्याचा पत्ता नव्हता. मुलगी पुढे बरी झाली, पण ते दुखणे टाळता आले असते, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

सिकलसेलचे नाव आपल्या भागाला नवीन नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यात हा आनुवंशिक आजार बऱ्याच प्रमाणात आढळतो. त्यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडांत आणि सांध्यांत जीवघेण्या वेदना उठतात. या वेदनांना निमंत्रण देणारी कारणे आता चांगली ठाऊक आहेत: शरीरात पाणी कमी पडणे, थंडी बाधणे, अतिश्रम आणि ताप. आता स्नेहसंमेलनाची रात्र डोळ्यांपुढे आणा. सहा तास पाणी नाही, डिसेंबरची थंडी, पातळ पोशाख आणि अर्ध्या बैठकीत दमदार नाच. ताप सोडला तर यातले एकही कारण सुटत नाही. शिवाय या रुग्णांच्या मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवता येत नाही, म्हणून त्यांना लघवीला वारंवार जावे लागते. म्हणजे ज्या मुलीने सर्वांत जास्त पाणी प्यायला हवे, तीच लघवीच्या भीतीने सर्वांत आधी पाणी सोडते.

बाकीच्या मुलींनाही याचा त्रास होतोच. पाणी न पिता नाचले की घामावाटे आणखी पाणी जाते आणि रक्तदाब उतरतो. नाच संपल्यावर त्या एकाच जागी स्तब्ध उभ्या राहतात, रक्त पायांकडे उतरते आणि चक्कर येते. कमरपट्टा करकचून बांधलेला असेल तर श्वासही पुरा घेता येत नाही. तासन् तास लघवी अडवून ठेवल्याने मुलींना मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होण्याची शक्यता वाढते. संमेलनानंतर लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणे किंवा थंडी वाजून ताप आला, तर ‘दगदग झाली’ म्हणून सोडून देऊ नये.

दोष पोशाखाचा म्हणावा तर तसेही नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ साली मद्रासला कलाक्षेत्र ही संस्था सुरू केली. त्यांच्या काळात भरतनाट्यमचा शिवलेला पोशाख रूढ झाला. पायजमा, पुढचा चुण्यांचा पंखा, चोळी आणि पदर हे सगळे एकाच मुलीच्या मापाने शिवलेले असते, त्यामुळे ते झटपट चढते आणि झटपट उतरते. आपल्याकडे तो भाड्याने येतो. तो शिवलेला असतो एकीच्या मापाचा आणि चढतो दहाजणींच्या अंगावर. सैल जागी पिना येतात, घट्ट जागी श्वास कोंडतो.

उपाय मोठ्या खर्चाचे नाहीत. शिक्षक आणि पालकांनी मिळून पुढील गोष्टी पाहाव्यात.

पोशाख निदान चार दिवस आधी आणावा. पिनांऐवजी नाडी आणि हूक लावून घ्यावेत. रंगीत तालमीच्या वेळी मुलीने तो पोशाख घालून एकदा लघवीला जाऊन यावे. हे वाचून काही जण हसतील, पण तालीम याचीच हवी आहे.

वेणी, गजरा आणि रंगभूषा आधी करावी. त्या वेळी मुलीच्या अंगात पुढून उघडणारा जुना शर्ट असावा. पोशाख आणि कमरपट्टा नाचाच्या अर्धा तास आधी चढवावा.

कार्यक्रमपत्रिकेत अशा नाचांना पहिली जागा द्यावी. पाहुण्यांची भाषणे नंतर झाली तर पाहुण्यांचे काही बिघडत नाही, मुलींचे बिघडते.

मुलींनी दुपारी नेहमीचे जेवण करावे आणि नाचाच्या दोन तास आधी पोहे, केळे असे हलके खावे. दर अर्ध्या तासाला अर्धा पेला पाणी प्यावे. नाच झाल्याबरोबर लिंबू-साखर-मिठाचे पाणी आणि अंगावर शाल द्यावी. सिकलसेल असलेल्या मुलीला नाचू द्यायचे की नाही, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. सरसकट बंदी नको, पण तिच्याकडे लक्ष देणारी एक व्यक्ती नेमलेली असावी.

रंगमंचाजवळच्या प्रसाधनगृहाचे कुलूप उघडे असावे, आत दिवा आणि पाणी असावे, बाहेर एक बाई उभी असावी. मोठ्या मुलींसाठी सॅनिटरी पॅडही ठेवावेत.

काजळाची एकच कांडी आणि रंगाचा एकच स्पंज सगळ्यांना फिरवू नये, डोळे येण्याचा तो सोपा मार्ग आहे. भाड्याचे पोशाख आतून सुती बनियन घालूनच वापरावेत. मांडीवर, कमरेवर नंतर खाज सुटलीच तर दुकानातून मिळेल ते मलम लावू नये. स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी गजकर्ण दबतो आणि पुन्हा दुप्पट जोराने उठतो.

मुलीला चक्कर आली तर घोळका हटवावा, तिला आडवे करावे, पाय उंच करावेत आणि कमरपट्टा सोडावा. बेशुद्ध असताना तोंडात पाणी ओतू नये. मिनिटभरात शुद्धीवर आली नाही, किंवा हातापायांत, छातीत तीव्र वेदना असतील, तर लगेच रुग्णालय गाठावे.

दिवाळीनंतर होळीपर्यंत आपल्याकडे झाडीपट्टीची नाटके रंगतात. रात्रभर रंगमंचावर उभ्या राहणाऱ्या कलावंत स्त्रियांसाठीही मंडळांनी कनातीमागे एवढी सोय केली, तर ते त्यांच्या कलेचा मान राखल्यासारखेच होईल.

एक विनंती पालकांना. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले आहे आणि सरकारी आरोग्य केंद्रांतून याची तपासणी होते. सुईच्या एका टोचणीचे काम आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. तेव्हा मुलीला घुंगरू घेण्यापूर्वी तिची ही तपासणी करून घ्यावी.

स्नेहसंमेलनाच्या खर्चाचा कागद दरवर्षी तयार होतो. त्यात मंडप असतो, दिवे असतात, ध्वनिक्षेपक असतो, पाहुण्यांचे हार असतात. पाण्याचा माठ आणि प्रसाधनगृहाचा दिवा त्यात मला अजून दिसलेला नाही. यंदा ती ओळ सर्वांत वर लिहावी, एवढेच माझे मागणे आहे.