नियम मुरू द्या

२०२५ च्या डिसेंबरात अबुधाबीला लँडो नॉरिस फॉर्म्युला वनचा जगज्जेता ठरला तो अवघ्या दोन गुणांनी. नॉरिस ४२३, मॅक्स व्हर्स्टॅपन ४२१, ऑस्कर पियास्ट्री ४१०. वर्षभरात चोवीस शर्यती झाल्या आणि शेवटच्या दिवशीही तिघांपैकी कुणीही किताब नेऊ शकत होता. त्याच्या आदल्या वर्षी सात चालकांनी प्रत्येकी किमान दोन शर्यती जिंकल्या होत्या. इतकी चुरस देणारं नियमपुस्तक त्या रात्री गुंडाळून ठेवलं गेलं. मार्चमध्ये मेलबर्नला सुरू होणाऱ्या हंगामात इंजिन नवं, सांगाडा नवा, पंख नवे, इंधनसुद्धा नवं.

याचा मला राग येतो. नियमांचा नव्हे, ते उपटून पुन्हा लावण्याच्या घाईचा. पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी मशीन डिझाइन शिकवतो. आमची मुलं छोटी रेसकार बांधून विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर नेतात. त्या स्पर्धेत पेट्रोल गाड्यांना एक जाचक नियम आहे: इंजिनात जाणारी सगळी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या भोकातूनच गेली पाहिजे. मुलं त्या भोकापायी रात्री जागवतात. नळी किती अंशांनी रुंदावत न्यायची, पुढची हवेची पेटी केवढी ठेवायची, यावर भांडणं होतात. पण हा नियम वर्षानुवर्षं तोच आहे. म्हणून सीनियरची वही ज्युनिअरच्या कामी येते, आणि तळाला असलेली टीम दोन-तीन वर्षांत वरच्यांना गाठते. नियम कडक असला तरी हरकत नाही, तो टिकला पाहिजे.

फॉर्म्युला वनचा इतिहास हेच सांगतो. २०१४ मध्ये हायब्रिड इंजिनं आली आणि त्या वर्षीच्या १९ पैकी १६ शर्यती मर्सिडीजनं नेल्या. २०२२ मध्ये गाडीच्या तळाचे नियम पार बदलले; रेड बुलनं त्या वर्षी २२ पैकी १७ आणि पुढच्या वर्षी २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या. आता जुन्या झालेल्या नियमांची वर्षं बघा. २०२१ हे त्या आधीच्या पर्वाचं शेवटचं वर्ष. त्या वर्षी अखेरच्या शर्यतीला लुइस हॅमिल्टन आणि व्हर्स्टॅपन उतरले तेव्हा दोघांचे गुण सारखे होते, ३६९.५. आणि २०२५ चा निकाल वर दिलाच आहे.

हे असं का होतं? नवं पुस्तक हाती येतं तेव्हा एखाद्या टीमला त्यातली फट आधी सापडते. २००९ मध्ये ब्रॉन या नवख्या टीमला दुहेरी डिफ्यूजरची फट सापडली आणि जेन्सन बटननं पहिल्या सातपैकी सहा शर्यती खिशात घातल्या. मग बाकीचे ती कल्पना उचलतात. पुढच्याकडे शोधायला कमी उरतं, मागच्याकडे भरपूर असतं, आणि अंतर आपोआप मिटत जातं. लोणच्याची बरणी सारखी उघडून ढवळली तर ते मुरत नाही, नासतं. नियमांनाही तीन-चार उन्हाळे लागतात.

याचा अर्थ नियमांनी चुरस वाढत नाही, असा नाही. अलीकडच्या काळात चुरशीला सर्वांत मोठा हातभार लावणारा नियम हिशेबाच्या वहीतला आहे. २०२१ पासून टीमच्या खर्चाला मर्यादा आली. सुरुवातीला ती साडेचौदा कोटी डॉलरची होती, आणि सोबत जो पुढे त्याला वारा-बोगद्यात कमी वेळ, जो मागे त्याला जास्त, अशी उतरंड लागली. टीव्हीवर यातलं काहीच दिसत नाही. पण मॅक्लॅरनसारखी टीम २०२३ च्या सुरुवातीला तळाशी रखडली होती, ती पुढच्याच वर्षी संघांचं अजिंक्यपद घेऊन गेली, ती अशाच चौकटीत.

आता येऊ घातलेल्या बदलाचं एक गणित मी मुलांना फळ्यावर मांडून दाखवलं. नव्या गाडीची जवळपास निम्मी ताकद विजेची. विजेची मोटर आधी १२० किलोवॉटची होती, ती आता ३५० ची झाली. बॅटरीतून एका दमात वापरता येणारी ऊर्जा मात्र पूर्वीइतकीच, सुमारे चार मेगाज्यूल. भागाकार करा. पूर्ण जोर लावला तर साडेअकरा सेकंदांत बॅटरी रिकामी. बाकूच्या शर्यतीत दोन किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. ताशी ३०० किलोमीटरच्या सरासरीनं धरलं तरी दोन किलोमीटरना चोवीस सेकंद लागतात. उरलेल्या सेकंदांचं काय करायचं? म्हणून नियमच म्हणतो की ताशी २९० च्या पुढे विजेचा जोर हळूहळू उतरत जाईल. आणि वीज साठवायची तर चालकानं वळणाच्या बऱ्याच आधी पाय उचलायचा, किंवा भर वेगात इंजिनाचीच थोडी ताकद बॅटरीकडे वळवायची. व्हर्स्टॅपननं ही भीती २०२३ मध्येच बोलून दाखवली होती.

मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "सर, मग पट्ट्याच्या शेवटी कोण जास्त वेगात असेल हे ड्रायव्हर ठरवणार की सॉफ्टवेअर?"

माझ्या मते हाच खरा प्रश्न आहे. राखून चालवणं ही नवी गोष्ट नाही. अलँ प्रॉस्टनं टायर आणि इंधन राखत शर्यती जिंकल्या, आणि ती अस्सल कला होती. पण ती त्याच्या पायात होती. कधी सोडायचं आणि कधी दाबायचं, हे त्याचं तो ठरवायचा. नव्या पद्धतीत हा निर्णय चालकाच्या हातात किती उरतो, यावर नव्या नियमांचं यश-अपयश ठरेल. गाडी ३० किलोंनी हलकी आणि १० सेंटिमीटरनं अरुंद झाली, हे मला मनापासून आवडलं. वीस वर्षांपूर्वी चालकासकट ६०० किलोंच्या आसपास असलेली गाडी गेल्या वर्षी ८०० किलोंवर गेली होती. ऑडी आली, होंडा राहिली, फोर्ड परतली, त्यालाही हे नवं इंजिन कारण आहे, हे मान्य केलं पाहिजे.

मान्य होत नाही ती दुसरी गोष्ट: चुरस कृत्रिमरीत्या पैदा करणारे नियम. २०११ पासून पुढच्या गाडीच्या एक सेकंद मागे आलेल्याला मागचा पंख उघडायची सवलत होती. आता ती गेली, पण तिची जागा विजेनं घेतली. एक सेकंदाच्या आत असाल तर २९० ऐवजी थेट ताशी ३३७ पर्यंत पूर्ण जोर. तत्त्व तेच: मागच्याला दान, पुढच्याला दंड.

या सवलतीनं काय हरवतं ते बघायचं असेल तर २००५ ची इमोलाची शर्यत शोधून बघा. फर्नांडो अलोन्सो पुढे, मायकेल शूमाकर मागे. शूमाकर तेराव्या जागेवरून निघून वर आलेला, त्याची फेरारी उघड उघड वेगवान. शेवटच्या बारा-एक फेऱ्या तो अलोन्सोच्या मागच्या चाकाला चिकटून होता. अलोन्सो प्रत्येक वळणाला आतली बाजू आधीच धरायचा, नको तिथे किंचित उशिरा गती घ्यायचा, शूमाकरची लय मोडायचा. ओव्हरटेक झालाच नाही. ०.२ सेकंदांनी अलोन्सो जिंकला. मी ती शर्यत मुलांना दाखवतो तेव्हा वर्गात कुणी मोबाइलकडे बघत नाही. पंख उघडायची सोय असती तर दुसऱ्याच फेरीत सगळं आटोपलं असतं. ओव्हरटेकची संख्या वाढवणं म्हणजे थरार वाढवणं, हा हिशेबच चुकीचा आहे. थरार असतो तो 'होईल की नाही' यात.

त्याच २००५ च्या हंगामात संपूर्ण शर्यतीत टायर बदलायचे नाहीत, असा नियम होता. जूनमध्ये इंडियानापोलिसच्या एका बाजूला कललेल्या वळणावर मिशेलिनचे टायर टिकेनात. तोडगा निघाला नाही, आणि वॉर्मअपच्या फेरीनंतर चौदा गाड्या पिटमध्ये शिरल्या. सहाच गाड्या धावल्या. आपला नारायण कार्तिकेयन त्यात चौथा आला आणि त्याला पाच गुण मिळाले. फॉर्म्युला वनमध्ये भारतीय चालकाचे आजवरचे सगळे गुण ते तेवढेच. त्यात त्याचा काही दोष नव्हता, जॉर्डनसारख्या मागासलेल्या गाडीत तो झुंजत होता. पण प्रेक्षक बाटल्या फेकत असताना मिळालेली ती चौथी जागा आठवली की मला आजही वाईट वाटतं. पुढच्या वर्षी तो नियम रद्द झाला.

अशा रद्द नियमांची यादी लांब आहे. २०१४ मध्ये शेवटच्या शर्यतीला दुप्पट गुण ठेवले, वर्षभरात गुंडाळले. २०१६ मध्ये दर थोड्या वेळानं एकेकाला बाद करणारी पात्रता फेरी आणली, दोन शर्यतींत गुंडाळली. आणि गेल्या वर्षी मोनॅको. आदल्या वर्षी तिथे पहिले दहा जण ज्या क्रमानं सुटले त्याच क्रमानं पोचले होते, म्हणून या वेळी प्रत्येकाला दोनदा पिटमध्ये येणं सक्तीचं केलं. झालं काय? रेसिंग बुल्सच्या एका गाडीनं मुद्दाम रेंगाळत मागची रांग अडवली, म्हणजे पुढच्या सहकाऱ्याला पिट स्टॉपपुरती जागा मिळावी. विल्यम्सनं तेच केलं, मग अदलाबदल करून पुन्हा केलं. अडकून पडलेल्या जॉर्ज रसेलनं वैतागून वळण कापत पुढे जाणं पसंत केलं आणि शिक्षा घेतली. जगातले सर्वांत वेगवान चालक हळू चालवण्याची स्पर्धा करत होते. नियम करणाऱ्यांनी त्यांना तसं करायला लावलं.

जुन्या आवाजासाठी हळहळणाऱ्यांशीही मी सहमत नाही. २०१३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मी स्टँडमध्ये होतो. व्ही-८ इंजिनांचं ते शेवटचं वर्ष. तो आवाज छातीत घुमायचा. पण सेबास्टियन व्हेटेल ती शर्यत जवळपास अर्ध्या मिनिटानं जिंकला आणि त्या हंगामातल्या शेवटच्या सलग नऊ शर्यती त्याच्याच होत्या. आवाज होता, चुरस नव्हती.

आणि सुरक्षेच्या नियमांना या वादात कुणी ओढू नये. २०१८ मध्ये चालकाच्या डोक्याभोवती हेलोची कमान आली तेव्हा 'गाडी कुरूप झाली' म्हणून किती ओरड झाली! २०२० मध्ये बहारीनला रोमँ ग्रोजाँची गाडी कठडा फाडून पेटली आणि तो चालत बाहेर आला. विषय संपला.

हे नियम ठरवणाऱ्या फियाच्या अध्यक्षांनी गेल्या वर्षीच आधी व्ही-१० ची आणि मग व्ही-८ ची भाषा सुरू केली. २०२६ ची गाडी एक शर्यतही धावलेली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. या घाईला आपणही जबाबदार आहोत. दोन शर्यती रटाळ झाल्या की आपण 'काहीतरी करा' म्हणतो, आणि मग दुप्पट गुण येतात, सक्तीचे पिट स्टॉप येतात. मेलबर्नला किंवा पुढच्या चार-सहा शर्यतींत एकच टीम सुसाट पुढे गेली, तर ते अपेक्षितच धरा. नवं पुस्तक आहे, कुणाला तरी फट आधी सापडणारच. सवलतींची बटणं तेवढी फियानं काढून टाकावीत, सुरक्षेत कसर ठेवू नये, आणि बाकीचं पुस्तक २०३० पर्यंत मिटून ठेवावं.