सूट एकदाच नको, दरवर्षी हवी
जुलैत आपल्या बेळगावची गटारं तुडुंब वाहतात आणि मे महिन्यात आपण टँकरची वाट बघत बसतो. हजार चौरस फूट छतावर १००० मिलिमीटर पाऊस पडला, तर ९० हजार लिटरहून जास्त पाणी मिळतं. आपल्याकडे पाऊस त्याहून जास्तच!

इंदूरच्या मराठी घरांनाही लागू असलेला मध्य प्रदेशचा २००६ चा नियम बघा: १४० चौरस मीटर किंवा मोठ्या प्लॉटवर बांधताना पाणी मुरवणं सक्तीचं, आणि यंत्रणा बसवाल त्या वर्षी घरपट्टीत ६ टक्के सूट. पण पुढच्या पावसाळ्यात पाइप तुंबला, तर साफ कोण करणार?

म्हणून नवीन घरांना दरवर्षी, शोषखड्डा तपासूनच सूट द्या. अर्ज कन्नडसोबत मराठीतही हवा; नाहीतर सूट कागदावर आणि पाणी गटारात.