कंचेभागुबेव

आमच्या नातीच्या गणिताच्या वहीत परवा लाल फुली आली. 'तीन गुणिले चार अधिक पाच' याचं उत्तर तिनं 27 काढलं होतं. खाली बाईंचा शेरा : 'कंचेभागुबेव पाठ करणे.' कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी! हा मंत्र मीही साठ वर्षांपूर्वी छड्या खात पाठ केला. त्यातला 'चे' हा कोण, हे विचारायची तेव्हा छाती नव्हती.

नात म्हणाली, "आजोबा, पण गुणाकारच आधी का?"

मी घसा खाकरला. जन्मभर कारकुनी केलेला माणूस 'का'ला 'तसा नियम आहे' यापलीकडे काय उत्तर देणार?

गड्ड्याच्या यात्रेसाठी पुण्याहून आलेला माझा पुतण्या कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा समाचार घेत होता. तो काँप्युटरवाला. म्हणाला, "काका, तिचं उत्तर बरोबर आहे. फक्त भाषा वेगळी."

मग त्यानं सांगितलं ते ऐकून मी त्या कंचेभागुबेवाचा उघड शत्रू झालो. केनेथ आयव्हर्सन नावाच्या कॅनेडियन गृहस्थानं 1962 साली पुस्तक लिहून गणिताची एक नवी लिपी मांडली. पुढे तीच 'एपीएल' नावाची संगणकाची भाषा झाली, आणि 1979 साली त्याला ट्युरिंग पुरस्कार मिळाला. या भाषेत गुणाकार थोरला आणि बेरीज धाकटी असा भेदभाव नाही. चिन्हाच्या उजवीकडे जे काही असेल ते सगळं त्याचं. चार अधिक पाच नऊ, त्याला तीननं गुणा, 27! कारण सरळ आहे. त्या भाषेत चिन्हंच डझनावारी. त्यांचे मानपान ठरवायचे म्हणजे लग्नपत्रिकेत नावं छापण्यासारखं, कोणीतरी रुसणारच.

शिवाय हिशेब एकेका आकड्याचा नाही, अख्ख्या रांगेचा. '1 2 3 अधिक 10' म्हटलं की 11 12 13 एकदम हजर. सोलापूरकराला हे काय सांगायचं? चादरीच्या जॅकार्ड मागावर पुठ्ठ्यांची भोकं आख्ख्या ओळीच्या ताण्याला एकदमच हुकूम देतात.

आयव्हर्सननं 1990 साली रॉजर हुई यांच्याबरोबर 'जे' ही भाषा काढली. तिच्यात संख्या हे नाम, क्रिया हे क्रियापद, वर क्रियाविशेषणंसुद्धा! यंत्र वाक्याच्या उजव्या टोकापासून एकेक शब्द उचलून चळतीवर ठेवतं, वरचे चार पाहतं, साचा जुळला की तेवढं काम उरकतं; नाही जुळला तर पुढचा शब्द उचलतं.

आता मला सांगा, यात आपल्याला परकं काय आहे? 'मी तुमचे उसने पैसे उद्या सकाळी न चुकता परत' इथवर ऐकून जो सुखावला तो बुडाला. मराठी वाक्याचा निकाल उजव्या टोकालाच लागतो. 25 हा आकडा आपण 'पंचवीस' वाचतो, म्हणजे उजवीकडूनच. 2019 साली बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचन दिलं तेव्हा केवढा गहजब झाला! गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांना शांतपणे समजावत बसावं लागलं. त्या निदान 'का' ते सांगत होत्या. माझं भांडण तेवढंच आहे. कंचेभागुबेव हा माणसांनी आपसांत केलेला करार आहे. तो पोरांना गुरुत्वाकर्षणासारखा का शिकवता? करार म्हणून शिकवा, पोरं पाळतील. बाईंनी 17 म्हणावं, पण माझ्या नातीला ढ म्हणू नये.

एवढं मात्र कबूल केलं पाहिजे, की त्याच संध्याकाळी चादर घ्यायला गेलो. किंमत 500, सूट 100, जुना गिऱ्हाईक म्हणून आणखी 50. उजवीकडून हिशेब केला तर शंभरातून पन्नास गेले, उरले पन्नास, आणि देणं 450! मी निमूटपणे शाळेतल्या पद्धतीनं 350 मोजले. पुतण्या नुसता हसला. "घरी बोलू नकोस," मी म्हटलं.

घरी नातीनं तोडगा काढला होता. आता ती प्रत्येक ठिकाणी कंस घालते. काल वही परत आली. उत्तरं सगळी बरोबर, पण शेजारी पुन्हा लाल शाई : 'अनावश्यक कंस.'

सोमवारी मी शाळेत जाणार आहे. पुतण्याला बरोबर नेऊ नका, असं आमच्या हिनं बजावलं आहे.