अन्ननलिकेचा कर्करोग : प्रथिनांची साक्ष कितपत ग्राह्य?

अन्ननलिकेचा कर्करोग बहुधा उशिरा उमगतो. घास अडकू लागेपर्यंत रोगाने बराच पल्ला गाठलेला असतो. २०२२ साली जगभरात सुमारे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण आढळले, तर ४ लाख ४५ हजार जण या रोगाने दगावले.

रोग प्रारंभीच सापडला, तर निराळा पेच पडतो. गाठ आतल्या अस्तरापुरती असल्यास ती दुर्बिणीतून काढता येते. ती खालच्या थरात उतरली असल्यास लसिकाग्रंथींत पसरण्याची भीती वाढते व अन्ननलिकाच काढण्याचा सल्ला दिला जातो. त्यानंतर जठर वर ओढून त्याचीच नळी करावी लागते. रुग्णाचे जेवणखाण कायमचे बदलते. तथापि सारख्याच खोलीच्या दोन गाठींपैकी एक उलटते, दुसरी उलटत नाही. हा भेद आधी कळावा, यासाठी गाठीतील प्रथिने तपासली जात आहेत.

त्यांतील पी-५३ हे पेशीचे पहारेकरीच म्हणावे. त्याचे जनुक बिघडले की रंगचाचणीत हे प्रथिन एकतर अतोनात साचलेले दिसते किंवा मुळीच दिसत नाही. आम्ल वर येत राहिल्याने अन्ननलिकेचे अस्तर बदलते, त्यास 'बॅरेट' विकार म्हणतात. त्यातील धोकादायक पेशी ओळखण्यास ही चाचणी पूरक मानावी, असे ब्रिटिश तज्ज्ञांनी २०१४ मध्ये सुचविले. केंब्रिजच्या रिबेका फिट्झजेराल्ड यांनी तर दोऱ्याला बांधलेला स्पंज गिळवून पेशी गोळा केल्या व टीएफएफ-३ या प्रथिनावरून बॅरेट विकार हुडकला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत नेहमीच्या पद्धतीने १३ जणांत, तर स्पंज देऊ केलेल्या गटात १४० जणांत हा विकार आढळला.

परंतु हे झाले रोगापूर्वीच्या धोक्याविषयी. प्रारंभीच्या गाठीचे भवितव्य सांगू शकतील अशी केआय-६७, ईजीएफआर आदी प्रथिने अभ्यासली गेली. मात्र नमुने थोडे, मोजण्याच्या रीती वेगळ्या आणि निष्कर्ष परस्परविरोधी. गाठीची खोली व लसिकाग्रंथी यांची जागा अद्याप एकाही प्रथिनाने घेतलेली नाही. केवळ अशा अहवालावर कुणी शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये, असे आमचे मत आहे.

भारतात प्रामुख्याने आढळणारा प्रकारही वेगळा, सपाट पेशींचा. तंबाखू व मद्य ही त्याची मोठी कारणे. बॅरेटची खूण असलेले टीएफएफ-३ तेथे उपयोगी नाही. आपल्या रुग्णांसाठी चिन्ह शोधायचे, तर प्रारंभीच्या गाठींचे नमुने येथूनच मिळावयास हवेत. आणि नेमक्या त्याच गाठी आपल्याकडे क्वचित हाती लागतात.