पत्रास कारण की...

नोकरीच्या अर्जासोबत जे पत्र जोडतात, ज्याला हल्ली सगळे 'कव्हर लेटर' म्हणतात, त्यावरून मला आज जरा भांडायचं आहे. भांडण अर्ज करणाऱ्या पोरांशी नाही. त्यांना अशी पत्रं लिहायला ज्यांनी शिकवलं त्यांच्याशी आहे. आणि थोडं आमच्याशी, म्हणजे ती पत्रं मागवणाऱ्यांशीही.

भोसरीतल्या एका लहानशा कारखान्यात नवीन माणसं घ्यायची वेळ आली की अर्ज वाचायचं काम माझ्याकडे येतं. वाचतो म्हणजे खरंच वाचतो, चहा घेत घेत, एकेक करून. चार-पाच पत्रं झाली की वाटायला लागतं, सगळी एकाच माणसाने लिहिली असावीत. सगळे मेहनती, सगळे प्रामाणिक, सगळ्यांना टीममध्ये काम करायला आवडतं आणि सगळ्यांना 'आपल्या नामांकित संस्थेत' यायचंय. अहो, आमची संस्था नामांकित नाही! कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याला आमचं नाव विचारलंत तर तोसुद्धा 'तो कॉम्प्रेसरचा आवाज येतोय ना, तिथे' असं सांगेल.

हे येतं कुठून? शाळेतून. पत्रलेखनाच्या प्रश्नात मायना बरोबर असला की मार्क, विषय आणि दिनांक जागच्या जागी असले की मार्क, शेवटी 'आपला विश्वासू' असलं की मार्क. मधल्या मजकुरात अर्थ आहे की नाही, याची कुणाला पडलेली नसते. पुढे कॉलेजात व्यक्तिमत्त्व विकासवाले येतात आणि तेच इंग्रजीत करतात. 'हा घ्या फॉर्मॅट, फक्त कंपनीचं नाव बदला.' ते नाव बदलायचंही कधी कधी राहून जातं. मग दुसऱ्याच कारखान्याची तोंडभरून स्तुती माझ्या टेबलावर येऊन पडते.

खरं तर पत्र कसं लिहावं हे आपल्याला बाहेरून शिकायची गरज नव्हती. जुनी मोडी पत्रं घ्या. मायना भला मोठा... राजमान्य राजश्री, साष्टांग नमस्कार, येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत जावे. पण मग एक शब्द येतो, 'विशेष'. तिथे नमस्कार-चमत्कार संपले आणि कामाचं बोलणं सुरू झालं. घरगुती पत्रात त्याच जागी 'पत्रास कारण की' यायचं. आजच्या कव्हर लेटरमध्ये मायना शाबूत आहे, पण 'विशेष' गायब झालंय. पत्र आहे, कारण नाही.

मग काय लिहायचं? समजा क्वालिटी इन्स्पेक्टरची जागा आहे. एक पत्र म्हणतं, 'मी अत्यंत मेहनती असून गुणवत्तेविषयी जागरूक आहे.' दुसरं म्हणतं, 'दीड वर्ष मी शाफ्टचे व्यास मायक्रोमीटरने मोजून नोंदी ठेवत होतो. रात्रपाळीत माप हळूहळू वाढताना दिसलं. टूल झिजत होतं. मग दर २० नगांऐवजी दर १० नगांमागे तपासणी सुरू केली.' दुसऱ्या पोराने स्वतःला एकही विशेषण लावलेलं नाही. तरी तो जागरूक आहे हे मला कळलं, आणि मुलाखतीत त्याला काय विचारायचं हेही कळलं. त्याच्या मार्कशीटवर जेमतेम ५२ टक्के असले तरी मी त्याला बोलावीन.

यावर आपल्याकडे एक ठरलेला आक्षेप असतो. 'आपणच आपली टिमकी कशी वाजवायची?' हा संस्कार मला कळतो, माझ्यावरही तोच झालाय. पण टिमकी नेमकी कुठली? 'मी अत्यंत मेहनती' ही टिमकी. 'मी हे मोजलं, हे दिसलं, हे केलं' ही माहिती. आपण टिमकी बिनदिक्कत वाजवतो आणि माहिती द्यायला लाजतो, ही खरी गंमत आहे.

लिओनार्दो दा विंचीने सुमारे १४८२ साली मिलानच्या लुदोविको स्फोर्झाला उद्देशून लिहिलेल्या अशाच एका पत्राचा मसुदा आजही जपलेला आहे. तो काय लिहितो? मी हलके पूल बांधीन, वेढ्यातल्या खंदकाचं पाणी काढीन, तोफा ओतीन. मुद्द्यांमागून मुद्दे लढाईचे, आणि चित्रं काढतो हे पार शेवटी. कारण वाचणाऱ्याची गरज त्याने ओळखली होती. वर म्हणतो, अशक्य वाटत असेल तर तुम्ही म्हणाल तिथे करून दाखवतो. यापेक्षा चांगला शेवट आजही सुचणार नाही. 'संधी दिल्यास सोने करीन' म्हणण्यापेक्षा 'एक दिवस येऊन काम दाखवतो' म्हणा.

'पण हे वाचतं कोण?' हाही प्रश्न रास्त आहे. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर चाळतं, पुष्कळदा पत्र कुणी उघडतही नाही. तिथे पत्र मागितलंच नसेल तर लिहू नका, बायोडाटा नीट करा. पण लहान कारखाना, शाळा, छापखाना, संस्था, इथे वाचणारा माणूस असतो, आणि बहुतेक वेळा उद्या तुमच्या शेजारी उभा राहणारा तोच असतो. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि त्यानंतर पत्रांतलं व्याकरण सुधारलं, हे कबूल. त्याच्याकडून खुशाल भाषा नीट करून घ्या. पण रात्रपाळीत माप वाढताना तुम्हाला दिसलं होतं, त्याला नाही. ते तुम्ही सांगितलं नाहीत तर ते पुन्हा 'मेहनती आणि प्रामाणिक'च लिहून देणार, फक्त जास्त गुळगुळीत.

आता आमच्याकडे वळतो. 'डायनॅमिक उमेदवार पाहिजे' एवढीच जाहिरात द्यायची, काम काय ते सांगायचं नाही, पगाराचा आकडा लपवायचा, आणि पत्र मात्र नेमकं हवं! असं कसं चालेल? जाहिरातीतच 'विशेष' नसेल तर पत्रात कुठून येणार? आणि नकार कळवायला दोन ओळीसुद्धा न लिहिणाऱ्यांनी पोरांच्या पत्रलेखनावर टीका करू नये.

हे सगळं एवढं चिडून लिहितोय त्याला कारण आहे. आपल्याकडे निम्मी कामं 'ओळखी'वर होतात. ज्याचा मामा आत आहे त्याला पत्राची गरजच पडत नाही. गरज पडते ती निलंग्याहून किंवा जव्हारहून आलेल्या, या शहरात एकही माणूस ओळखीचा नसलेल्या पोराला. ज्याची ओळख नाही त्याला स्वतःची ओळख करून द्यायला मिळालेली ही एवढी एकच जागा. अर्धं पान. आणि आपण त्याला शिकवतो काय, तर ते अर्धं पान दुसऱ्याच्या शब्दांनी भरून टाक.

बहुत काय लिहिणे.